खेळ क्रमांक सात, सोबत ग्रंथपाल

एकतीस वर्षांत वाचनालयाच्या नावानं आलेल्या प्रत्येक पत्राला ग्रंथपालांनी उत्तर दिलं होतं. वाळवीचं औषध विकणाऱ्यांना दिलं होतं. 'माझी छत्री आपल्याकडे राहिली आहे काय' असं दुसऱ्या गावाहून विचारणाऱ्या अनोळखी गृहस्थांनाही दिलं होतं. छत्री नव्हती, तरी उत्तर दोन पानांचं झालं होतं. फक्त एका पत्रापाशी त्यांचं पेन अडलं. ते पत्र त्यांनी मोठ्या शब्दकोशात, 'कुटुंब' हा शब्द असलेल्या पानावर, घडी घालून ठेवून दिलं आणि रोज सकाळी ते तिथंच आहे ना एवढं बघून शब्दकोश मिटायला सुरुवात केली.

पत्र व्हिडिओ गेम बनवणाऱ्या एका कंपनीच्या अधिकार विभागाचं होतं. त्यात एकच प्रश्न होता. 'आपल्या कुटुंबात एकूण किती व्यक्ती आहेत व त्या कोणत्या पत्त्यावर राहतात?' तीस दिवसांत उत्तर न पाठवल्यास ग्रंथपालांचं खातं वीसच्या वीस खेळांसह बंद होणार होतं. वास्तविक कुटुंबात माणसं दोनच, ग्रंथपाल आणि त्यांची धाकटी बहीण. दुसऱ्या कुणीही अर्ध्या मिनिटात लिहून टाकलं असतं. पण तोवर ग्रंथपालांच्या नावावर सहा घरांतले टीव्ही लागले होते, आणि खोटं लिहायचं तर हात थरथरतो हे त्यांना शाळेपासून माहीत होतं.

हे सगळं सुरू झालं ते अध्यक्षबाईंच्या एका ठरावातून. अध्यक्षबाई निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. त्या खुर्चीवर बसल्या की समोरचा आपोआप उभा राही.

"चालू सभासद किती उरलेत?" त्यांनी विचारलं.

"एक्केचाळीस. त्यात दोघांचा पत्ता लागत नाही."

"वार्षिक सभेपर्यंत शंभर झाले नाहीत, तर मागचा हॉल शेजारच्या फरशीवाल्याला गोदामासाठी द्यायचा असं कमिटीनं ठरवलंय. मी विरोध केला. एकटीनं."

मागच्या हॉलमध्ये तीन हजार पुस्तकं होती, एक लांब टेबल होतं आणि खिडकीपाशी एक खुर्ची होती. त्या खुर्चीवर बसून ग्रंथपालांनी आयुष्यातल्या बऱ्याचशा दुपारी घालवल्या होत्या. पुस्तकं पोत्यात भरलेली आणि हॉलमध्ये फरशांचे गठ्ठे, असं चित्र त्यांच्या डोळ्यांपुढे आलं.

"लोकांना हवं ते ठेवायचं," अध्यक्षबाई म्हणाल्या. "यंदा पुस्तकांऐवजी व्हिडिओ गेम घ्या. वीस घ्या. पुस्तकासारखे सात दिवसांसाठी द्यायचे, परत घ्यायचे. त्यात अवघड काय आहे?"

"काहीच नाही," ग्रंथपाल म्हणाले. अवघड काय आहे हे सुचायला त्यांना साधारण दोन दिवस लागत.

खेळांच्या वीस चकत्या आल्या. आता वाचनालयाचा एक जुना शिरस्ता होता. कुठलीही वस्तू ग्रंथपालांनी स्वतः पहिल्यापासून शेवटपर्यंत तपासल्याशिवाय सभासदाच्या हाती पडत नसे. पुस्तक असेल तर ते पान न् पान उलटून बघत, मग शिक्का मारत. चकतीला पानं नव्हती. तेव्हा ती चालवून बघणं भाग होतं. वाचनालयासाठी घेतलेलं खेळाचं यंत्र त्यांनी दोन गल्ल्या सोडून असलेल्या आपल्या घरी नेलं आणि बहिणीपुढे ठेवलं. बहीण टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली होती आणि बटणांना भीत नव्हती.

"नाव विचारतंय," ती म्हणाली.

ग्रंथपालांनी वडिलांच्या नावासकट आपलं पूर्ण नाव सांगितलं. पदवीही सांगितली.

"आता करार आलाय. शेहेचाळीस पानं."

"थांब. चष्मा आणतो."

"अरे दादा, हे कुणी वाचत नाही. सगळे नुसतं 'मान्य' दाबतात."

"सगळे म्हणजे कोण?"

"सगळे म्हणजे सगळे."

चष्मा घेऊन ग्रंथपाल परत येईपर्यंत बहिणीनं तीन खेळांचं 'मान्य' दाबून टाकलं होतं. उरलेल्या सतरांचं वाचायला बसलं तर तिला राग येईल, म्हणून ते गप्प राहिले. मग चार दिवस खपून त्यांनी वीसही खेळ तपासले. त्यांची मोटार अकरा वेळा खड्ड्यात गेली. एका खेळात ते स्वतः, म्हणजे त्यांचा तलवारवाला, सुरू झाल्याबरोबर पुलावरून खाली पडत असे, तो शेवटपर्यंत पडतच राहिला. प्रत्येक चकतीपुढे त्यांनी नोंदवहीत 'सुस्थितीत' असं लिहिलं.

पहिला खेळ नेला बेकरीवाल्यानं. क्रमांक सात, फुटबॉल. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पिठाच्या हातांनीच परत आला.

"सर, हा मला ओळखत नाही."

"कोण?"

"तुमचा गेम. पडद्यावर लिहून येतं, हा खेळ अमुक अमुक यांच्या मालकीचा आहे. खाली तुमचं नाव. वडिलांचंही. आणि बी. लिब. का काय ते."

बहिणीनं टेलिफोन खात्यातल्या जुन्या ओळखी लावून तपास काढला. निघालं ते असं. जो पहिल्यांदा चकती लावून 'मान्य' दाबतो, त्याच्या खात्याला ती कायमची चिकटते. दुसऱ्याच्या यंत्रावर चालवायची तर मालकानं तिथं जाऊन आपला परवलीचा शब्द घालायचा. तोही दर अर्ध्या तासानं.

"मग शब्द देऊन टाक ना लोकांना," बहीण म्हणाली.

"परवलीचा शब्द म्हणजे किल्ली. एकतीस वर्षांत मी वाचनालयाची किल्ली कुणाच्या हातात दिलेली नाही."

"मग काय करणार?"

"मी जाईन," ग्रंथपाल म्हणाले, आणि आपण हे बोललो याचं त्यांनाच जरा आश्चर्य वाटलं.

त्या संध्याकाळी ते बेकरीवाल्याच्या घरी गेले. सोफ्याच्या कडेला, पाय जुळवून, मांडीवर पुस्तक घेऊन बसले. दर अर्ध्या तासानं उठायचं, पाठ करून शब्द घालायचा, पुन्हा बसायचं. बेकरीवाला सहा गोल खाऊन हरला, पण खूश झाला. त्याच्याकडून ही बातमी नर्सबाईंना कळली. नर्सबाई इस्पितळात काम करत, आणि त्यांना झोंबी मारण्याचा खेळ हवा होता.

"दिवसभर माणसं वाचवायची," त्या म्हणाल्या, "घरी आल्यावर थोडा बदल नको का?"

नर्सबाईंनी चौघींना सांगितलं. त्या चौघींपैकी दोघी सभासद झाल्या. बघता बघता ग्रंथपालांना मागणी आली. नोंदवहीत आता 'खेळ क्र. सात, सोबत ग्रंथपाल' अशा नोंदी पडू लागल्या. ते बाहेर गेले की काउंटरवर बहीण बसे, आणि तिला आखणी फार आवडे. तिनं एक वेगळा रकानाच पाडला.

"दादा, तू काल साडेसहाला परत यायला हवा होतास. सव्वासातला आलास."

"नर्सबाईंचा शेवटचा झोंबी राहिला होता."

"ते मला सांगू नकोस. तुझ्यासाठी तिघं रांगेत आहेत."

चालू सभासद त्रेसष्ट झाले. तरीही ग्रंथपालांच्या मनाला स्वस्थता नव्हती. आपण करतोय ते रीतसर आहे का? म्हणून त्यांनी कंपनीला स्वतःच्या हातानं एक नम्र पत्र लिहिलं की आम्ही आपले खेळ सभासदांना वाचायला, हा शब्द खोडून, खेळायला देतो, तरी चालेल ना? ते पत्र तिकडे पोहोचलं त्याच आठवड्यात ग्रंथपालांनी, स्वतःचं घर धरून, सहाव्या घरात परवलीचा शब्द घातला, आणि एका खात्याला पाचच यंत्रांची मुभा होती.

कंपनीचं उत्तर आलं ते हे. चालणार नाही. खेळ विकू नये, उसना देऊ नये, भाड्यानं देऊ नये. वापर फक्त कुटुंबापुरता. मग तो व्यक्तींच्या संख्येचा प्रश्न.

"दादा, दोन लिही आणि मोकळा हो."

"दोन माणसं सहा घरांत कशी राहतात असं विचारलं तर?"

बहिणीनं नोंदवहीतला तो वेगळा रकाना उघडला. मग म्हणाली, "पुसून टाकू सगळं. परत कर त्यांचे गेम."

"परत केले तर हॉल गेला."

"गेला तर गेला. तू काय जन्माचा ठेका घेतलायस का?"

ग्रंथपाल उठले. करार छापून आणला आणि खिडकीपाशी जाऊन वाचायला बसले. तीन दुपारींत शेहेचाळीस पानं वाचून झाली, मग पुन्हा पहिल्यापासून. ती पानं एवढ्या बारकाईनं वाचणारे ते बहुधा पहिलेच असावेत. करार लिहिणाऱ्यालासुद्धा मधली पानं आठवत नसतील असं त्यांना वाटलं, आणि त्यांना त्या माणसाची जराशी दया आली.

कलम चौतीस. 'परवानाधारकाच्या राहत्या घरी, त्याच्या समक्ष, त्याने निमंत्रित केलेल्या पाहुण्यांस विनामूल्य खेळता येईल. सार्वजनिक ठिकाणे, क्लब व वाचनालये येथे मनाई.'

ग्रंथपालांनी चष्मा काढून पुसला. मग ते पाचही परक्या घरांत गेले आणि तिथल्या यंत्रांवरून आपलं खातं रीतसर काढून आले. सहावं यंत्र वाचनालयाचंच, ते बहिणीच्या खोलीत होतं. मग त्यांनी कार्डांची चळत घेतली आणि लिहायला सुरुवात केली. 'आपण उद्या चार वाजता माझ्या घरी यावे ही विनंती.' निमंत्रण फक्त सभासदांना.

पहिल्या दिवशी अकरा पाहुणे आले, दुसऱ्या दिवशी सतरा. घर दोन खोल्यांचं. बहिणीनं पहिल्या दिवशी सगळ्यांना चहा केला, दुसऱ्या दिवशी फक्त नर्सबाईंना केला आणि तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघराचं दार आतून लावून घेतलं. तिच्या पलंगावर बसून बेकरीवाला ओरडत होता, "मार, अरे मार ना सरळ." चौथ्या दिवशी तिला आपलाच चष्मा कुणाच्या तरी बुडाखाली सापडला.

तिनं यंत्राची वायर गुंडाळली आणि ते ग्रंथपालांच्या हातात दिलं.

"तुझं त्या वाचनालयावर एवढं प्रेम आहे ना? मग तिथंच जाऊन राहा."

ती रागानं बोलली होती. ग्रंथपालांनी मात्र तो सल्ला समजून नीट विचार केला. राहतं घर म्हणजे काय, हे करारात कलम दोनमध्ये दिलेलं होतं. जिथं माणूस झोपतो, जेवतो आणि ज्या पत्त्यावर त्याची पत्रं येतात, ते. पत्रं तर एकतीस वर्षं वाचनालयातच येत होती.

दुसऱ्या दिवशी हातगाडीवर एक खाट, एक गादी, स्टोव्ह, तांब्या आणि दाढीचं सामान असा सरंजाम वाचनालयाच्या मागच्या दारानं आत गेला. हॉलचं दार वेगळं होतंच. कपाटं आडवी लावून त्यांनी पुढचं वाचनालय आणि मागचं घर असे दोन भाग केले. खाट चरित्रं आणि प्रवासवर्णनं यांच्यामध्ये बसली. दारावर त्यांनी आपल्या नावाची पाटी लावली आणि 'कृपया चपला बाहेर काढाव्यात' असंही लिहिलं, कारण तसं लिहिलं की ते घर वाटतं.

आता जागा ऐसपैस झाली. निमंत्रणं वाढली. खेळायला नंबर लागेपर्यंत बसून राहावं लागे, आणि हाताशी तीन हजार पुस्तकं होती. बेकरीवाल्यानं वाट बघता बघता एक जाडजूड चरित्र अर्धं वाचलं आणि आपला नंबर आल्यावर "एक मिनिट, हा आता तुरुंगातून सुटतोय" असं म्हणून दुसऱ्याला पुढे जाऊ दिलं. ग्रंथपालांनी हे पाहिलं, पण कुणाला सांगितलं नाही. सांगितलं तर तो वाचायचा थांबेल अशी त्यांना भीती वाटली.

वार्षिक सभा त्याच हॉलमध्ये, दुपारी बारा वाजता भरली. फरशीवाला मोजपट्टी घेऊनच आला होता. अध्यक्षबाईंनी यादी वाचली. शेवटचं नाव वाचून त्या थांबल्या.

"नव्व्याण्णव," त्या म्हणाल्या.

फरशीवाल्यानं मोजपट्टी उघडली.

"बाई, एकाचं काय धरून बसता?" बेकरीवाला म्हणाला.

"मी एका मार्कासाठी मुलं नापास केली आहेत. आज इथं नियम मोडला तर ती सगळी माझ्या दारात येतील."

बेकरीवाल्यानं जागेवरूनच सासऱ्यांना फोन लावला. सासऱ्यांनी वाचायचं म्हटल्यावर डोळे दुखतात असं कळवलं. नर्सबाई फरशीवाल्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्हीच व्हा की सभासद."

"मी कशाला स्वतःच्या पायावर फरशी पाडून घेऊ?" फरशीवाला म्हणाला आणि त्यानं भिंतीला पट्टी लावली.

"आणि दुसरी गोष्ट," अध्यक्षबाई खाटेकडे बघत म्हणाल्या. "नियम नऊ. वाचनालयाच्या कर्मचाऱ्यानं वास्तूत मुक्काम करू नये. हा नियम कुणाच्या अक्षरात आहे, ग्रंथपाल?"

"माझ्या," ग्रंथपाल म्हणाले. पूर्वीचा शिपाई कपाटामागे कांदे ठेवायचा, तेव्हा त्यांनीच तो लिहिला होता.

"मग? खाट उचलायची की नोकरी सोडायची?"

हा प्रश्न खरं तर विचारण्यापुरता होता. खाट उचलली की घर गेलं, घर गेलं की खेळ गेले, आणि मग जमवलेले अठ्ठावन्न सभासद परत कुठून आणायचे? ग्रंथपालांनी खिडकीकडे पाहिलं. फरशीवाल्याची पट्टी त्यांच्या खुर्चीपर्यंत आली होती.

"नोकरी सोडतो," ते म्हणाले.

अध्यक्षबाई चक्क खुर्चीतून उठल्या.

"तुम्ही इतक्या ठामपणे बोलू शकता हे मला माहीत नव्हतं."

"मलाही नव्हतं."

"दादा, वेडा झालास का?" बहीण कपाटाआडून म्हणाली. ती काउंटर सांभाळत होती. बोलता बोलता ती थांबली. टेलिफोन खात्यातल्या नोकरीत तिनं चौतीस वर्षं नियमांच्या वह्या चाळल्या होत्या. "अध्यक्षबाई, कर्मचाऱ्याला सभासद होता येत नाही ना?"

"नाही. नियम चार."

"आणि हा आता कर्मचारी नाही."

"नाही."

"दादा, इकडे ये. नाव, पत्ता सांग. पत्ता इथलाच ना?"

तिनं फॉर्म भरला, शिक्का मारला आणि फुंकर घालून वाळवला. एकतीस वर्षं वाचनालयात काढलेल्या माणसाला त्या दिवशी पहिल्यांदा सभासदाचं कार्ड मिळालं. त्याच्यावर शंभर असा आकडा होता. फरशीवाल्यानं पट्टीचं बटण दाबलं, ती सर्रकन आत गेली, आणि मग तो म्हणाला, "तो मोटारींचा गेम किती वाजता असतो?"

"निमंत्रण सभासदालाच मिळतं," ग्रंथपाल म्हणाले.

फरशीवाला एकशे एकावा झाला.

नवा ग्रंथपाल नेमायचा होता. अध्यक्षबाईंनी सगळीकडे नजर फिरवली, पण काउंटरवरची बहीण उठायलाच तयार नव्हती, त्यामुळे निवड बिनविरोध झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रंथपालांनी, म्हणजे माजी ग्रंथपालांनी, सवयीनं कपाटातून एक पुस्तक काढलं.

"कार्ड?" बहीण म्हणाली.

"अगं, मी आहे."

"तू आहेस ते दिसतंय. कार्ड कुठंय?"

त्यांनी कार्ड दाखवलं. तिनं तारीख घातली. मग शब्दकोश उघडून तिनं ते पत्र त्यांच्यापुढे ठेवलं.

"आज एकोणतिसावा दिवस. लिही."

ते घरी गेले, म्हणजे कपाटांच्या पलीकडे, आणि लिहायला बसले. आपला करार दोनदा वाचला. इतर घरांत खेळ चालवले ही चूक अज्ञानानं झाली, तिथून खातं काढलं आहे, क्षमस्व. यापुढे कलम चौतीसप्रमाणे. राहता पत्ता अमुक. कुटुंबातील व्यक्ती: एक. उत्तरात खोटं काहीच नव्हतं, हातही थरथरला नाही. सहीखाली सवयीनं 'ग्रंथपाल' लिहिलं गेलं, ते खोडून त्यांनी 'रहिवासी' केलं. पाकीट मात्र चिकटवलं नाही. पेटीपर्यंत जाताना काही आठवलं तर?

"लवकर ये," बहीण म्हणाली. "तू बाहेर असलास की मी गेम बंद ठेवणार. समक्ष म्हणजे समक्ष."

"एवढी पाचच मिनिटं..."

"कलम चौतीस."

मागून बेकरीवाल्याचा कळवळून आलेला आवाज ऐकू आला, "सर, नव्वदावं मिनिट चाललंय हो."

पत्राची पेटी कोपऱ्यावर होती. पेटीपाशी पोहोचून त्यांनी पाकीट अर्धं आत सारलं आणि थांबले. एक? बहीण दोन्ही वेळा जेवायला हॉलमध्येच येत होती, एकटीसाठी कोण चूल पेटवणार असं म्हणून. नर्सबाई कामावरून येऊन ग्रंथपालांच्याच खाटेवर तासभर झोपत, आणि त्यांचा कोट त्यांनी स्वतःच ठोकलेल्या खिळ्यावर असे. उशीचा अभ्रा मळला म्हणून बेकरीवाला परवा तो धुवायला घेऊन गेला होता, विचारलंसुद्धा नव्हतं. अध्यक्षबाई काल सभेनंतर संध्याकाळी कोडी सोडवण्याचा खेळ बघायला म्हणून आल्या होत्या आणि जाताना स्टोव्ह नीट बंद केला का हे बघून गेल्या. करारातल्या व्याख्येत हे कुठं बसतं? कलम दोन त्यांना तोंडपाठ होतं. त्यात हे कुठंच नव्हतं.

त्यांनी पाकीट बाहेर ओढलं, पत्र काढलं, पेटीच्याच डोक्यावर ठेवून 'एक' खोडलं. तीन वर्षांतून एकदा वाचनालयातली सगळी पुस्तकं मोजायला काढली की ते वरच्या कार्यालयाला जे कळवत, तेच त्यांनी आता शेजारी सुवाच्य अक्षरात लिहिलं.

'मोजणी चालू आहे. पूर्ण होताच कळवू.'

मग त्यांनी पाकिटाच्या कडेवरून जीभ फिरवली, ते घट्ट दाबलं आणि पेटीत टाकलं.